शांत बसल्याची बटणं

ता. १२ जानेवारी

मामा,

नमस्कार. फोन करण्यात अर्थ नाही. तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी "कोण? कोण?" यापुढे गाडी सरकत नाही, असं आई म्हणते. म्हणून हा कागद.

मला नोकरी लागली हे आईने कळवलंच असेल. बोलत नाहीत किंवा फार कमी बोलतात अशा मुलांचं केंद्र आहे. आम्ही त्यांना रोजच्या जगण्यातल्या गोष्टी शिकवतो, छोट्या छोट्या पायऱ्या करून, आणि सगळं लिहून ठेवतो. कुठलं वागणं किती वेळा झालं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं. माझी नोंदवही बघितलीत तर तुम्हाला तुमची मापांची वही आठवेल.

माझ्याकडे एक सात वर्षांची मुलगी दिली आहे. नाव सांगायची परवानगी नाही. ती लाल बूट कधी काढत नाही, म्हणून तुमच्यासाठी ती बूटवाली. एकही शब्द बोलत नाही, पण ओरडते अशी की खिडकीची काच थरथरते. तिला काय शिकवायचं याची चौदा कलमांची यादी घरच्यांनी आणली. ओरडू नये, हात फडफडवू नयेत, खुर्चीवर बसावं, डोळ्यांत बघावं, भिंत चाटू नये, रंग ओळखावेत, आणि शेवटी आजीच्या अक्षरात: पाहुण्यांकडे बघून हसावं. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "चौदा नकोत, दोन निवड. अशा दोन, की त्या आल्या तर आणखी दहा दारं आपोआप उघडतील."

मी पहिली निवडली: शांत बसणं. कारण एप्रिलमध्ये एका शाळेत तिची चाचणी आहे. अर्धा तास न ओरडता बसली तर जागा मिळेल. तिच्या आईने पाच शाळांचे उंबरे झिजवलेत, ही सहावी. "हिने एवढं केलं ना, की मी सुटले," असं ती मला जिन्यात म्हणाली.

आणि शांत बसण्याचं नाव काढलं की मला बयोताई आठवते. आठवणारच. लहानपणी मी दुकानात यायचे तेव्हा ती तुमच्या शिलाई मशीनशेजारी स्टुलावर तासन्‌तास बसलेली असायची. तीसुद्धा बोलत नव्हती, आणि आई सांगते की आधी तीसुद्धा खूप ओरडायची. तुम्ही कुठल्या शाळेत गेला नाहीत, कुठलं पुस्तक वाचलं नाहीत. मग कसं केलंत? सांगाल का?

विचारू की नको असं झालं होतं. वर्ष व्हायला आलं तिला जाऊन. नसेल सांगवत तर राहू दे.

तुमची,
भाची


ता. २१ जानेवारी

चिरंजीव भाचीबाई,

आशीर्वाद. पत्र पोचलं. सांगवत नाही असं काही नाही. हल्ली मला काहीच होत नाही, तेव्हा विचारायला भिऊ नकोस.

दुकान रोज उघडतो. काज करतो, बटणं लावतो. नवं कापड बेतायला घेत नाही, कात्री चालवली की मध्येच आपण काय बेततोय तेच विसरतो. गिऱ्हाइकं कानाशी ओरडून मापं सांगतात. शेजारचा इस्त्रीवाला रोज विचारतो, "कसं काय, मास्तर?" मी म्हणतो, बरं चाललंय. तो म्हणतो, छान. स्टूल जिथे होतं तिथेच आहे. कुणी उचललं नाही म्हणून आहे, दुसरं कारण नाही.

तुझ्या मोठ्या बाईंचं म्हणणं पटलं. चौदा म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. आमच्या कामात म्हणतात, शर्टाचा खांदा आधी बसव. खांदा बसला की बाही पडते, पाठ पडते, कॉलर मान धरते. खांदा चुकला तर वर कितीही इस्त्री फिरवा, माणूस हँगरला लटकवल्यासारखाच दिसतो.

आता बयोचं. तुझी मामी गेली तेव्हा बयो चार वर्षांची. घरी ठेवणार कोणापाशी? दुकानात आणायला लागलो. मशीन सुरू झालं की ओरडायची. गिऱ्हाईक आलं की ओरडायची. का ते विचारू नकोस, मी तेव्हा विचारलं नाही. एक बाई पोलक्याचं कापड अर्ध्या मापातून उचलून घेऊन गेल्या. शेजारी तेव्हा चष्मेवाला होता, तो म्हणाला, "मास्तर, एक तर पोरगी ठेवा, नाही तर धंदा." तोंडावर म्हणाला. मी हसलो.

बयोला बटणं आवडायची. नुसतं बघायला नाही, बोटाच्या पेराने भोकं चाचपायला. मग मी एक युक्ती काढली. मशीनवर एक शिवण पुरी होईपर्यंत गप्प राहिली की एक बटण. मग दोन शिवणी, मग एक बाही. ओरडली की बटण नाही, आणि मी तिच्याकडे बघायचोही नाही. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, तो तिचा. मिळालेलं बटण त्यात टाकायची, टण्ण आवाज व्हायचा. घाई करायची नाही, पण चुकायचंही नाही. सहा वर्षांची असताना शिवणभर, नऊ वर्षांची झाली तेव्हा तासभर. पुढे तर दिवसभर. मोठी झाली, चौतीस वर्षांची झाली, तरी तासाला एक बटण हा नेम आम्ही मोडला नाही. दर तासाला डबा पुढे करायची.

गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, पोर नाही, तसबीर आहे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

एवढीच विद्या. तुझ्या बूटवालीला उपयोगी पडली तर पाहा. आईला सांग, बरं चाललंय.

तुझा,
मामा


ता. ९ फेब्रुवारी

मामा,

काय सांगू, बटणं लागू पडली! आमच्याकडे बटणं नव्हती, मी चिकटवायचे तारे घेतले. बाकी सगळं तुमचंच. आधी अर्धा मिनिट, मग एक, मग तीन. काल बूटवाली बारा मिनिटं बसली. हात मांडीवर, तोंड बंद. तिच्या आईने दाराच्या काचेतून पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

फक्त आमच्या मोठ्या बाई. त्यांना कशाचं कौतुक म्हणून नाही. मागे उभ्या राहून पाहिलं, आणि म्हणाल्या, "एक जुनी कसोटी आहे आपल्या कामात. जे मेलेल्या माणसालाही जमतं, ते शिकवायचं उद्दिष्ट म्हणून घ्यायचं नाही. गप्प राहणं, हात न हलवणं, जागचं न उठणं, हे मेलेल्याला आपल्यापेक्षा चांगलं जमतं. तिने काय करू नये ते तू लिहिलंस. तिने काय करावं?"

मी वहीत खूप रेघोट्या मारल्या. मग त्यांनी माझीच नोंदवही माझ्यासमोर उघडली. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस वेळा ओरडली होती. त्यातल्या तीसेक वेळा समोर काही तरी नकोसं होतं: अवघड काम, केसांत फणी, नळाचं गार पाणी. आणि ओरडली की ते थांबत होतं. "हे तिचं 'पुरे' आहे," बाई म्हणाल्या. "तू ते काढून घेतेस. बदल्यात काय देतेस?"

मी म्हटलं, माझ्या मामांनी अशीच एक मुलगी वाढवली, एकट्याने, आणि ती आयुष्यभर समाधानाने बसली. बाई म्हणाल्या, "बसली हे तू पाहिलंस. समाधानाने, हे कुणी पाहिलं?" आता या बाईंना काय म्हणायचं! आपलंच खरं. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. एप्रिलमध्ये बूटवालीला ती जागा मिळवून दाखवते की नाही बघा.

परवा आई पुन्हा तेच म्हणत होती, बयो किती शांत गेली, कुणाला त्रास म्हणून दिला नाही. आणि दादाच्या कानांनी दगा दिला, त्यात त्याचा काय दोष. मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

पुढची युक्ती सांगा. बारावरून तीसवर कसं जायचं?

तुमची,
भाची


ता. ४ मार्च

मामा,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. आईने इस्त्रीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दुकान उघडतात, बसतात, बंद करतात. मशीनचा आवाज मात्र ऐकला नाही. त्या मेलेल्या माणसाच्या गोष्टीने तुम्हाला वाईट वाटलं का? मी बाईंची गंमत म्हणून लिहिली होती. कुणाला काय लिहावं याची मला अक्कल नाही.

चांगली बातमी देते, म्हणजे उत्तर द्याल. बूटवाली आता सव्वीस मिनिटं बसते! आणि काल तर कमाल. पूर्ण तास चूं नाही, चां नाही. जाताना आईने बूट झाडायला काढले तर उजव्या बुटातून हरभऱ्याएवढा खडा पडला. मोजा टाचेला चिकटला होता, रक्त आलेलं. म्हणजे तासभर टोचत असूनही पोर ओरडली नाही! एवढी तयारी झाली तिची. तिला दोन तारे दिले.

लिहा ना काही तरी.

तुमची,
भाची


ता. ८ मार्च

भाचीबाई,

हे पत्र एकटीने वाच.

तो खडा वाचून उठलो, दुकानाचं दार लावलं आणि लिहायला बसलो. दुपारचे बारा वाजलेत. इस्त्रीवाला दार वाजवून विचारून गेला. बरं चाललंय म्हटलं.

गेल्या वर्षी बयो तीन दिवस आजारी होती. तुम्हाला सगळ्यांना एक दिवस म्हणून सांगितलं, ते खोटं. पहिल्या दिवशी तिने दुपारचं जेवण बाजूला सारलं. उकाडा होता, म्हटलं नसेल भूक. स्टुलावर बसली होती, जराशी पुढे वाकून. दर तासाला डबा पुढे केला, मी बटण टाकलं. दुसऱ्या दिवशी रंग उतरलेला. गुडघे पोटाशी घेऊन बसली. एका गिऱ्हाइकाचे कोट द्यायचे होते, मी पाठमोरा. डबा पुढे आला की बटण टाकत होतो. तिसऱ्या दिवशी घामाने भिजलेली होती, तरी डबा पुढे करत होती. संध्याकाळी डबा पुढे आला नाही म्हणून मागे वळलो, तर स्टुलावरून खाली घसरलेली.

पोटातलं आतडं फुटून विष पसरलं होतं. इस्पितळातला तरुण डॉक्टर मला म्हणाला, "बाबा, याच्या वेदनेने धडधाकट माणूस गुरासारखा ओरडतो. तीन दिवस ही ओरडली कशी नाही?"

मी म्हटलं, मला ऐकू येत नाही हो.

असं तोंडातून गेलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुझी आई आली, तिला डॉक्टरनेच सांगितलं, यांचे कान गेलेत. मग ती सगळ्यांना सांगत सुटली. मी खोडलं नाही. चाळीस वर्षं मशीनवर बसून थोडे जाड झालेत, एवढंच. टाचणी पडली तर आजही ऐकू येते. पण एकदा बहिरा म्हटल्यावर फोन कसा उचलणार? तो डॉक्टर विसरला असेल, मी मात्र वर्षभर बहिरेपण वागवतोय. हा पत्रांचा खटाटोप त्याचाच. गिऱ्हाइकं कानाशी ओरडतात, मी मुकाट ओरडून घेतो.

खरं एवढंच, की ऐकायला काही नव्हतंच. ओरडायची ती तिची एकच भाषा होती, ती मी एकेक बटण देऊन विकत घेतली. दुसरी दिली नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मला वाटायचं मी खांदा बसवतोय. मी कॉलरला इस्त्री करत होतो, पोरी, आणि खांदा तीस वर्षं उसवलेला होता.

त्या शेवटच्या तीन दिवसांतही ती गप्प राहिली ते तिला कळत नव्हतं म्हणून नाही. मी शिकवलं होतं म्हणून. सगळे म्हणतात, शांत गेली. हो. डबा भरून गेली.

मला रडू येत नाही. तेव्हाही आलं नाही. हात चालतात, पोट जेवतं. याच्यावर मला काही लिहू नकोस, धीर तर मुळीच देऊ नकोस.

तुझ्या बाईंची कसोटी खरी आहे. मी तीन आठवडे तिच्यासमोर बसून आहे. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि तू ते तारे बंद कर. त्या पोरीला आधी 'पुरे' म्हणायला शिकव, आणि दुखतंय ते कुठे, हे दाखवायला. शाळेचं काय व्हायचं ते होईल. खडा टोचला तर तिने बूट भिरकावून द्यायला हवा होता, तुझ्या डोक्यात बसला असता तरी चाललं असतं.

मामा


ता. ३० मार्च

मामा,

तुम्ही लिहू नको म्हणालात, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा.

बाईंना मात्र सांगितलं, कारण मला दोन दिवस नोंदवही उघडता येईना. मला वाटलं, म्हणतील, मी सांगत नव्हते? त्यांनी चहा मागवला. तो प्याला, कप धुतले. मग म्हणाल्या, "चल, नवं पान काढ."

तारे फेकून दिले. आता दोनच गोष्टी. पहिली: नको असेल तेव्हा बूटवालीने माझ्या हातात एक कार्ड द्यायचं. दिलं की मी जे करत असेन ते थांबवायचं. तिथल्या तिथे. हात हवेत असेल तर हवेत. दुसरी: दुखत असेल तिथे माझा हात धरून न्यायचा. दुसरी अवघड आहे, कारण ती शिकवायला दुखायची वाट बघावी लागते. चिमटे काढून थोडीच शिकवणार? आम्ही ओरखडे, जुने वण, डास चावलेलं असलं काहीही सोडत नाही.

पहिलीही सोपी नाही, पण ती तिला नाही, आम्हालाच. तिला चार दिवसांत कळलं. मोठ्या माणसांना थांबता येत नाही, मामा. "एवढा एकच मणी ओव, मग थांबू," असं माझ्याही तोंडात येतं. बाई मागून खाकरतात.

बसणं मात्र सव्वीस मिनिटांवरून नऊवर आलं. तिची आई माझ्याशी बोलत नाही. काल जिन्यात अडवून म्हणाली, "तुम्ही तिला नाही म्हणायला शिकवताय. सगळं जग आधीच आम्हाला नाही म्हणतंय, त्यात हिची भर." चाचणी बावीस एप्रिलला आहे. जागा गेली तर ती माझ्यामुळे जाईल. हे मला कळतंय, आणि तरी तारे पुन्हा काढणार नाही.

एक काम होतं. बूटवाली कार्ड चावते. आठवड्याला तीन फाटतात. न फाटणारं, मुठीत मावणारं, हाताला लागताच कळेल असं काही तरी हवंय. तुमच्याकडे एखादं जाड बटण असेल तर पाठवाल का? कुठलंही चालेल. दुकानातलं.

तुमची,
भाची


ता. ६ एप्रिल

भाचीबाई,

सोबत बटण पाठवलंय. कोटाचं आहे, चार भोकांचं, तांबडं, कडेला खोबण आहे म्हणजे बोट अडकतं. मेण लावलेला दुहेरी दोरा ओवून फास केलाय, मनगटात घालता येईल. मी ओढून पाहिला, तुटत नाही. चावलं तरी दातच हरतील. फास मात्र सैल ठेव, आणि तिला एकटीला सोडून देऊ नकोस ते घेऊन.

दुकानातलं नाही. डबा उघडला. वरचंच घेतलं.

एक सांगतो, ते तुझ्या बाईंना विचारून घे. पोरीने बटण दिलं, तू थांबलीस, की ते लगेच तिचं तिला परत दे. साठवू नकोस. पुन्हा लागेल तिला.

बरं चाललंय असं लिहिणार होतो.

मामा


ता. २४ एप्रिल

मामा,

चाचणी झाली. जागा मिळाली नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

शाळेच्या मुख्याध्यापिका, एक टेबल, दोन खुर्च्या, पेटीत मणी. मी आणि तिची आई भिंतीला लागून. बूटवाली बसली. मणी ओवले, रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या. अकरा मिनिटं झाली. मग तिने मनगटातून बटण काढलं आणि मुख्याध्यापिकांच्या हातात ठेवलं.

त्या म्हणाल्या, "अरे वा! मला? किती छान!" आणि बटण पेनांच्या पेल्यात टाकून पुढची चिठ्ठी काढली.

बूटवालीने पेल्यात हात घातला, बटण बाहेर काढलं, आणि पुन्हा त्यांच्या हातात दिलं. यावेळी त्यांची बोटं दाबून मिटवली.

मी म्हटलं, "बाई, ती थांबा म्हणतेय." त्या म्हणाल्या, "हो का? पण दोनच राहिल्यात. शांत बसलीय की छान. होऊन जाऊ दे." तिच्या आईने माझा दंड धरला. कुजबुजली, "फक्त दोन." मामा, मला ठाऊक होतं की मी गप्प राहिले तर ती आणखी दोन चिठ्ठ्या लावेल, कदाचित ओरडणारही नाही, आणि जागा मिळेल. सगळे खूश होतील. मी तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग उठले, मण्यांची पेटी बंद केली, आणि तिच्या हातात तिचं बटण परत दिलं.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू.

बसथांब्यापर्यंत तिची आई आमच्या पुढे चालत होती. तिथे वाकून पोरीच्या बुटाची नाडी आवळायला लागली, जोरात, राग नाडीवर निघत होता. पोरीने बटण तिच्या हातात दिलं. घरी आईला तिने ते आजवर कधी दिलंच नव्हतं. मग तिने आईचा हात धरला आणि घोट्यापाशी नेऊन ठेवला.

आई तशीच वाकून राहिली. वर न बघता मला म्हणाली, "आता काय करू?"

मी म्हटलं, "काही करू नका. थांबा."

बस आली. आम्ही तिघी तशाच उभ्या. बस गेली. मग आईने नाडी सैल केली, आणि बटण पोरीला परत दिलं. तिला ते मी सांगितलेलं नव्हतं.

आज सकाळी ती केंद्रात आली आणि म्हणाली, सातवी शाळा शोधते. माझ्याशी अजून सरळ बोलत नाही.

तुमची,
भाची


ता. ३ मे

चिरंजीव भाचीबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आनंद झाला असं लिहायला हवं. आत चाचपून पाहिलं, नक्की काय झालं ते कळलं नाही. पण पत्र वाचून झाल्यावर मशीनला तेल घातलं.

जागा गेली ते वाईट झालं. त्या माउलीचे पाय दुखत असतील, तिच्यावर रागावू नकोस. मीही तिच्यासारखंच म्हणालो असतो, फक्त दोन.

गुरुवारी तुझ्या आईचा फोन वाजला. ती दर गुरुवारी करते, मी उचलत नाही, हे तिलाही पाठ झालंय. मी उचलला. ती सवयीने ओरडली, "दादा! ऐकू येतंय का?" म्हटलं, येतंय. हळू बोल. पहिल्यापासून येतंय. मग सगळं सांगितलं. तीन दिवस, डबा, डॉक्टर. पलीकडून आवाज नाही. मला वाटलं ठेवला असेल. पण श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "दादा, मी उद्या येते." आली. स्टुलावर बसली. तिथे वर्षभर कुणी बसलं नव्हतं. भांडली नाही, जवळही घेतलं नाही. चार पोळ्या केल्या, दोन तिने खाल्ल्या, दोन मी. जाताना म्हणाली, पुढच्या गुरुवारी उचल.

आणखी एक. काल इस्त्रीवाल्याने नेहमीसारखं विचारलं, "कसं काय, मास्तर?" हात इस्त्रीवर, नजर कपड्यावर, जसा तो रोज विचारतो.

मी म्हटलं, दुखतंय.

त्याने वर पाहिलं. "कुठे?"

मी हात उचलला. छातीपाशी नेला, मग पोटापाशी, मग कानापाशी. कुठे ठेवायचा ते समजेना. हात तसाच हवेत राहिला. पासष्ट वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. अर्धा शर्ट तसाच टेबलावर. तो थांबला.

तुझा,
मामा